कोंबडी मेली तर झाकू नका, आधी सांगा



थंडी पडू लागली की आपल्या खारेपाटण भागात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. भात झोडून झालेले असते, खळ्यात सांडलेला दाणा टिपायला कोंबड्या दिवसभर मोकळ्या सुटतात. आणि त्याच सुमारास शुक नदीच्या काठाला, खाली विजयदुर्गच्या खाडीच्या चिखलात, उत्तरेकडचे पाहुणे पक्षी येऊन उतरतात. नेमक्या याच दिवसांत कुठल्या तरी वाडीतून बातमी येते, "कोंबड्यांक रोग इलो." बातमी येते असे म्हटले खरे, पण पुष्कळदा ती येतच नाही. आजचा लेख त्या न येणाऱ्या बातमीबद्दल आहे.

दोन वर्षांपूर्वी देवदिवाळीनंतर कुळथाची पेरणी पाहायला एका वाडीत गेलो होतो. परतताना एका घराच्या परड्यात खुराडे उघडे दिसले आणि आत एकच कोंबडी मान टाकून बसलेली. घरच्या आजींना विचारले तेव्हा कळले की चौदा कोंबड्यांपैकी नऊ दोन दिवसांत मेल्या. चार वहाळात टाकल्या, बाकीच्या परड्यातच पुरल्या. उरलेल्यांतल्या दोन "मरायच्या आधी" कापून शिजवल्या. मी गुरांच्या दवाखान्यात कळवतो म्हटल्यावर आजी हात जोडून म्हणाल्या, "साहेबांनू, खंय बोला नुको. तुमी सांगलास तर सरकारी माणसां येतली, सगळ्या वाडयेचे कोंबडे मारतली आणि शेजारीण माका जल्मभर गाळी घालतली."

समजूत घातली, पशुधन पर्यवेक्षकांना बोलावले, नमुने गेले. निघाली ती मानमोडी, म्हणजे राणीखेत. वाडीवर काही संकट आले नाही. पण घरी येताना सारखे वाटत होते, मानमोडी निघाली हे आपले नशीब. दुसरे काही असते तर? चार मेलेल्या कोंबड्या वहाळातून नदीला गेल्या होत्या आणि दोन चुलीवर चढल्या होत्या.

मी कृषी खात्याकडचा माणूस, पशुवैद्य नव्हे. औषधोपचार सांगणे माझे काम नाही. पण कोंबडी ही आपल्या घरची शेतीच आहे. मुलांच्या वह्या-पुस्तकांचा, म्हाताऱ्या माणसाच्या औषधाचा, अडीअडचणीचा पैसा तिच्यातून निघतो. म्हणून बर्ड फ्लूबद्दल जे ठामपणे माहीत आहे ते साध्या भाषेत सांगतो.

नवापूरचा धडा

आपल्या देशात हा रोग पहिल्यांदा सापडला तो आपल्याच राज्यात. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर हे गुजरातच्या सीमेवरचे गाव, अंड्याच्या कोंबड्यांच्या मोठमोठ्या शेडसाठी प्रसिद्ध. २००६ च्या सुरुवातीला तेथे कोंबड्या मरू लागल्या. कित्येक दिवस लोक राणीखेतच समजत राहिले. पुढे भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि १८ फेब्रुवारी २००६ रोजी सरकारने जाहीर केले की हा एच५एन१ जातीचा बर्ड फ्लू आहे. लाखो पक्षी नष्ट करावे लागले. महिन्याभरात जळगाव जिल्ह्यात परसातल्या कोंबड्यांतही रोग सापडला. देशभर चिकनची दुकाने ओस पडली. ज्यांच्या शेडमध्ये एकही पक्षी आजारी नव्हता असे कोल्हापूर-पुण्याकडचे शेतकरीही त्या लाटेत बुडाले.

नवापूरचा धडा असा की रोगापेक्षा उशीर महाग पडतो. पक्षी मरायला लागल्यापासून रोगाचे नाव कळेपर्यंत जे दिवस जातात, त्या दिवसांत माणसे, गाड्या, अंड्यांचे ट्रे, खताच्या गोणी सगळे फिरत असते. विषाणूला पाय नाहीत, ते आपण देतो.

याहून मोठा धडा पश्चिम बंगालचा. २००८ च्या जानेवारीत तेथे रोग आला तो मोठ्या शेडमध्ये नव्हे, घरोघरच्या परसात. आपल्यासारखीच पाच-दहा कोंबड्यांची घरे. हा हा म्हणता रोग एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात गेला आणि ४० लाखांहून अधिक पक्षी नष्ट करावे लागले. तेव्हा "आमच्या चार कोंबड्यांनी काय होणार?" असे कोणी म्हणू नये.

विषाणू नवा कसा होतो?

पुष्कळ लोक विचारतात, "साहेब, हा रोग एकदा आला नि गेला. पुन्हा पुन्हा का येतो? आणि दरवेळी नवी जात निघाली म्हणतात ती कुठून?"

याचे उत्तर आपल्या रोजच्या कामातले उदाहरण घेऊन देतो. पूर्वी तलाठी हाताने सातबाराची नक्कल उतरवत. उतरवताना कुठे काना सुटे, कुठे आकडा चुके. त्या नकलेवरून दुसरी नक्कल केली की ती चूक पुढे जाई आणि तीत नवीन भर पडे. इन्फ्लुएंझाचा विषाणू असाच. एका कोंबडीच्या अंगात तो आपल्या लाखो नकला काढतो आणि नक्कल तपासून दुरुस्त करण्याची सोय त्याच्याकडे जवळजवळ नाही. बहुतेक चुका वाया जातात. पण हजारात एखादी चूक अशी पडते की विषाणू जास्त घातक होतो, नाहीतर नव्या जनावरात शिरू शकतो. जितक्या जास्त कोंबड्यांत तो जितके जास्त दिवस फिरेल, तितक्या नकला जास्त आणि चुकाही जास्त.

दुसरा प्रकार भेसळीचा. या विषाणूच्या अंगातली माहिती आठ सुट्या तुकड्यांत असते. एकाच पक्ष्याला एकाच वेळी दोन जातींच्या विषाणूंनी गाठले तर ते तुकडे एकमेकांत मिसळतात आणि दोघांपेक्षा वेगळा तिसराच विषाणू बाहेर पडतो. दोन वाणांचे भात एकाच खळ्यात झोडले की बियाणे जसे एका वाणाचे राहत नाही, तसेच हे. फरक इतकाच की भाताची भेसळ डोळ्यांना दिसते, ही दिसत नाही.

एच५एन१ मधला एच आणि एन म्हणजे विषाणूच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची नावे. पक्ष्यांत एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार सापडतात. त्यांच्या जोड्या पुष्कळ होतात. बहुतेक जोड्या रानबदकांच्या पोटात निरुपद्रवी राहतात. पण एच५ आणि एच७ या दोन प्रकारांची एक खोड आहे. सौम्य रूपात ते दाटीने ठेवलेल्या कोंबड्यांत शिरतात आणि तेथे नकला काढता काढता एकदम जीवघेणे होतात.

आज ज्या घराण्याचा जगाला त्रास आहे त्याचा मूळ पुरुष १९९६ साली चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका पाळीव हंसात सापडला. १९९७ साली हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली आणि तिथल्या सरकारने शहरातल्या सगळ्या, सुमारे १५ लाख, कोंबड्या मारल्या. २००५ साली चीनच्या छिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. त्याच शाखेचा विषाणू पुढच्या वर्षी नवापूरला निघाला. पुढे एन बदलून एच५एन८ झाला, तो २०१६ साली भारतात दिल्ली आणि केरळमध्ये आढळला. मग त्यातून पुन्हा एच५एन१ चीच नवी शाखा तयार झाली. २०२१ नंतर ती जवळजवळ साऱ्या जगात पसरली आणि मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत दुभत्या गाईंत सापडली. कोंबडीचा रोग गाईच्या कासेत जाईल हे आधी कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

आपल्याकडेही हे चालूच आहे. २०२४ साली कोलकात्याहून ऑस्ट्रेलियाला परतलेल्या एका लहान मुलीत जो विषाणू सापडला, तो जुन्या आणि नव्या शाखांचे तुकडे एकत्र होऊन बनलेला होता. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा येथे तीन वाघ आणि एक बिबट्या एच५एन१ ने मेले. म्हणजे नवी जात ही परदेशातल्या प्रयोगशाळेतली गोष्ट नव्हे. ती पक्ष्यांच्या गर्दीत, मिसळीत आणि लपवाछपवीत तयार होते.

आपल्या परसाचा काय संबंध?

कोणी म्हणेल, नंदुरबार कुठे, बंगाल कुठे, आम्ही कुठे. मग कोकणाचीच यादी पाहा. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात आठशे-नऊशे कोंबड्या मेल्या, त्याच वेळी आपल्या शेजारच्या रत्नागिरी जिल्ह्यात दापोलीला मेलेल्या कावळ्यांत बर्ड फ्लू निघाला. फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे शंभरएक कोंबड्या मेल्या आणि आसपासचे सुमारे २५ हजार पक्षी नष्ट करावे लागले. जानेवारी २०२५ मध्ये रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यातील चिरनेर गावात परसातल्या कोंबड्यांत रोग सापडला. चिरनेर म्हणजे खाडीकाठचा, भातशेतीचा, घरोघर कोंबड्यांचा मुलूख. आपल्याहून वेगळे काय?

आता आपल्याकडची वहिवाट आठवा. सकाळी खुराडे उघडले की कोंबड्या खळ्यातून शेतात, शेतातून वहाळावर. तिथेच बगळे, तिथेच कावळे. पाणवठा सगळ्यांचा एक. संध्याकाळी त्याच कोंबड्या पडवीत, डालग्याखाली, कधी माणसाच्या झोपण्याच्या खोलीला लागून. राखणीसाठी कोंबडा एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जातो. चाकरमानी मुंबईला परतताना पिशवीतून गावठी कोंबडी नेतो. मोटारसायकलला टोपल्या बांधून व्यापारी दारोदार कोंबड्या गोळा करतो आणि दहा घरांच्या कोंबड्या एका टोपलीत येतात. वरून भुईबावडा घाटातून आणि मुंबई-गोवा महामार्गावरून ब्रॉयलरच्या गाड्या उतरतात, त्यांचे रिकामे पिंजरे, पिसे, विष्ठा रस्त्याकडेला पडते. खारेपाटण हे जुन्या काळापासून येण्याजाण्याचे ठिकाण. माल येतो-जातो तसा रोगही येतो-जातो.

यातले काही बंद करा असे मी म्हणत नाही. गावठी कोंबडी मोकळीच फिरणार, नाहीतर ती गावठी कसली? पण वहिवाट अशी आहे म्हणूनच पहिल्या मेलेल्या कोंबडीची बातमी लवकर कळणे आपल्याकडे जास्त गरजेचे आहे.

मानमोडी की बर्ड फ्लू?

एक गंमत सांगतो. राणीखेतला आपण मानमोडी म्हणतो. आणि १९१८ साली माणसांत इन्फ्लुएंझाची जी भयंकर साथ आली, जिच्यात आपल्या देशात एक कोटीहून अधिक माणसे गेली, तिलाही आपल्या पणज्या-खापरपणज्या मानमोडीच म्हणत. नाव एक, रोग दोन. राणीखेतचा विषाणू वेगळा, इन्फ्लुएंझाचा वेगळा. पण कोंबडीकडे पाहून या दोघांतला फरक ओळखणे भल्याभल्या डॉक्टरांनाही जमत नाही.

राणीखेतमध्ये कोंबडी धापा टाकते, हिरवट पातळ हगवण होते, पंख किंवा पाय लुळे पडतात, मान पिळवटते. बर्ड फ्लूमध्ये कोंबडी पिसे फुलवून गुपचूप बसते, तुरा आणि गलोल निळे-जांभळे पडतात, डोके व डोळ्यांभोवती सूज येते, पायांवर लालसर रक्ताळलेले डाग दिसतात, अंडी एकदम कमी होतात किंवा मऊ कवचाची पडतात. पण पुष्कळदा यातले काहीच दिसत नाही. रात्री खाऊन-पिऊन बसलेल्या कोंबड्या सकाळी मेलेल्या सापडतात.

म्हणून ओळख पटवायच्या भरीस पडू नका. एवढेच लक्षात ठेवा: एक-दोन दिवसांत खुराड्यातल्या दोन-चार कोंबड्या अचानक मेल्या, किंवा वाडीत कावळे-बगळे मरून पडलेले दिसले, तर ती कळवण्याची वेळ झाली. नमुने पुण्याच्या प्रयोगशाळेत आणि तेथून भोपाळला जातात. रोगाचे नाव ठरवणे त्यांचे काम, बातमी देणे आपले.

येथे एक उपयोगाची गोष्ट. राणीखेतवर लस आहे आणि ती स्वस्त आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढे सहा ते आठ आठवड्यांनी आर-टू-बी. गुरांच्या दवाखान्यात विचारा, वाडीतल्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी टोचून घ्या, कारण लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची असते, ती एका घराला परवडत नाही. याने मानमोडी तर टळतेच, पण लस दिलेल्या कोंबड्या एकदम मरू लागल्या तर "मानमोडीच असेल" म्हणून स्वस्थ बसण्याचे कारण उरत नाही. शंका लवकर येते. बर्ड फ्लूच्या घातक जातीवर मात्र आपल्याकडे कोंबड्यांना लस दिली जात नाही. चीनसारखे देश देतात, फ्रान्सने २०२३ पासून बदकांना सुरू केली. आपले धोरण आहे ते सापडेल तिथे विझवण्याचे.

भरपाई कोणाला मिळते?

आता आजींच्या भीतीकडे येऊ, कारण ती खोटी नव्हती. रोग ठरला तर ठरल्या ठिकाणापासून १ किलोमीटरच्या आतले पाळीव पक्षी नष्ट करतात आणि १० किलोमीटरपर्यंत पाहणी ठेवतात. म्हणजे शेजारणीच्या धडधाकट कोंबड्याही जातात. तिला राग येणारच.

पण हिशोब नीट मांडून पाहा. सरकारी भरपाई मिळते ती सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांची, अंड्यांची आणि खाद्याची. रोगाने आधीच मेलेल्या पक्ष्यांची नाही. २०२१ साली राज्याने जाहीर केलेले दर असे होते: अंड्यावरची कोंबडी आठ आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यापुढे ९० रुपये, मांसाची कोंबडी सहा आठवड्यांपर्यंत २० रुपये, त्यापुढे ७० रुपये, अंडे ३ रुपये, खाद्य किलोला १२ रुपये. दर वेळोवेळी बदलतात, तेव्हा चालू दर दवाखान्यातून विचारून घ्यावेत.

हे दर गावठी कोंबडीच्या बाजारभावापुढे फारच अपुरे आहेत, हे मीही कबूल करतो. कोंबडा विकत घ्यायला गेलात तर त्याच्या कितीतरी पट मोजावे लागतात. लोक लपवतात त्याचे एक मोठे कारण हेच. यासाठी ग्रामसभेत ठराव करून दर वाढवून मागणे हा आपला हक्क आहे, तो जरूर बजावा. पण झाकून ठेवल्याने काय हाती लागते? चौदातल्या नऊ मेल्यावर सांगितले तर पाचांची भरपाई. दोन मेल्यावर सांगितले तर बारांची. आणि कोणीच सांगितले नाही तर वाडीतल्या सगळ्या मरतात, भरपाई शून्य. शेजारणीचा राग यायचा तर सांगितल्याबद्दल नव्हे, लपवल्याबद्दल यायला हवा. तुम्ही वेळेवर सांगितलेत तर तिच्या कोंबड्यांचे निदान पैसे तरी येतात.

गावच्या कारभाऱ्यांनी काय करावे?

सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, आणि आमचे कृषी सहायक, यांच्यासाठी दोन शब्द. प्राण्यांमधील सांसर्गिक रोगांसंबंधीचा २००९ सालचा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे रोगाची शंका आली तर जनावराच्या मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचे आणि त्यांनी ते जवळच्या पशुवैद्यकाकडे लेखी पोहोचवायचे. ग्रामपंचायतीवर ही जबाबदारी कायद्यानेच आहे. तेव्हा कोणी "आमच्या कोंबड्या मेल्या" म्हणून आला तर "बघू उद्या" म्हणू नका. त्याच दिवशी फोन करा, मग कागद करा. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

दुसरे, सांगणाऱ्याला सांभाळा. ज्याने बातमी दिली त्याचे घर वाडीत बदनाम होता कामा नये. एकदा तसे झाले की पुढच्या दहा वर्षांत कोणी तोंड उघडणार नाही. पंचनामा करताना कोंबड्यांची मोजणी मालकासमोर आणि दोन शेजाऱ्यांसमोर करा, कागदावर सह्या घ्या, बँकेचा खाते क्रमांक तिथेच लिहून घ्या. आमच्या भागात परसातल्या कोंबड्या बायकांच्या असतात, पण सातबारा आणि खाते पुरुषाच्या नावावर. पैसे कोणाच्या हातात जातात याकडे लक्ष असू द्या.

तिसरे, थंडीच्या आधी वाडीवार कोंबड्यांची अंदाजे संख्या लिहून ठेवा. वेळ आली की हीच वही कामाला येते.

घरच्या घरी करण्यासारखे

आता रोजच्या कामाचे. यातल्या एकाही गोष्टीला फारसा खर्च नाही.

१. दाणा आणि पाणी छपराखाली द्या, उघड्यावर नको. कावळे-बगळे त्याच ताटात जेवायला येणार नाहीत असे पाहा.

२. बाजारातून किंवा पाहुण्यांकडून नवी कोंबडी आणली तर तीन आठवडे वेगळ्या डालग्यात ठेवा. आधी जुन्या कोंबड्यांना दाणा घाला, मग नवीला. न विकलेली कोंबडी बाजारातून परत आणली तरी तीही नवीच समजा.

३. ब्रॉयलरच्या गाडीवर, शेडवर किंवा चिकनच्या दुकानात कामाला जाणाऱ्याने घरी आल्यावर वहाणा बाहेर काढाव्यात, हातपाय साबणाने धुवावेत आणि मगच खुराड्याकडे जावे.

४. खुराड्यातला तूस-भुसा नियमित बदला, खाली चुना भुरभुरा. विष्ठेतला विषाणू थंडाव्यात महिनाभर टिकतो, पण ३७ अंशांच्या उष्णतेत साधारण सहा दिवसांतच मरतो. म्हणून खुराड्याला ऊन लागेल अशी जागा द्या.

५. मेलेली कोंबडी उघड्या हाताने उचलू नका. नाकातोंडावर रुमाल बांधा, हातात प्लास्टिकची पिशवी घाला, कोंबडी दुसऱ्या पिशवीत बांधून कुत्र्या-मांजरांपासून झाकून ठेवा आणि दवाखान्यातल्या माणसाची वाट पाहा. पुरायची ती त्यांनी सांगितल्याप्रमाणे, खोल खड्ड्यात, चुना टाकून. वहाळात, नदीत, रस्त्याकडेला कदापि टाकू नका. तुम्ही वहाळात टाकलेली कोंबडी खालच्या वाडीच्या पाणवठ्यावर अडकते.

६. मुलांना आजारी कोंबडीशी, पिल्लांशी खेळू देऊ नका. कोंबड्या हाताळलेल्या माणसाला आठ-दहा दिवसांत ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना "घरी कोंबड्या मेल्या होत्या" हे आवर्जून सांगा. ही एक गोष्ट सांगितली की डॉक्टरांचा तपास वेगळ्या दिशेने जातो.

खायचे की नाही?

दर वेळी हा प्रश्न येतो आणि दर वेळी अफवाच जास्त पिकतात. निरोगी कोंबडीचे मटण आणि अंडी पूर्ण शिजवून खाण्यात धोका नाही. ७० अंश उष्णतेला हा विषाणू मरतो, आणि आपला कोंबडीचा रस्सा त्याहून कितीतरी जास्त रटरटतो. धोका आहे तो शिजवण्याआधी: आजारी कोंबडी कापताना, पिसे काढताना, आतडी साफ करताना. हे काम बहुतेक घरांत बाईमाणूस करते. म्हणून आजारी किंवा मेलेली कोंबडी कापायचीच नाही, मग ती शिजवून कितीही रटरटवा.

माणसाला हा रोग क्वचितच होतो. २००३ पासून आजवर साऱ्या जगात एच५एन१ ची लागण झालेल्या माणसांची नोंद हजाराच्या आसपास आहे. पण त्यातली जवळपास निम्मी दगावली. भारतात २०२१ साली हरियाणाच्या एका अकरा वर्षांच्या मुलाचा दिल्लीत मृत्यू झाला. आपल्या राज्यात मेळघाटातल्या एका दीड वर्षाच्या बाळाला २०१९ साली एच९एन२ या सौम्य जातीची लागण झाल्याचे निघाले. भारतातली ती त्या जातीची पहिली नोंद. ही एच९एन२ जात कोंबड्यांना फारसे मारत नाही, अंडी तेवढी कमी होतात, म्हणून तिच्याकडे कोणी बघत नाही. आणि दुसऱ्या घातक जातींना आपले तुकडे पुरवण्यात हीच जात पुढे असते. १९९७ च्या हाँगकाँगमधल्या आणि २०१३ च्या चीनमधल्या विषाणूंत तिचे तुकडे सापडले होते. म्हणून "कोंबड्या मरत नाहीत, अंडी कमी देतात" हीसुद्धा दवाखान्यात सांगण्यासारखी बातमी आहे.

माणसाकडून माणसाला सहज जाण्याची कला या विषाणूला अजून साधलेली नाही. ती साधू नये म्हणून त्याला नकला काढायला कमी कोंबड्या आणि कमी दिवस मिळाले पाहिजेत. आपल्या हातात आहे ते एवढेच, पण ते थोडे नाही.

त्या आजींकडे गेल्या पावसाळ्याआधी पुन्हा जाणे झाले. खुराड्यात दहा-बारा तलंगा होत्या, मानमोडीची लस टोचलेल्या. मी विचारले, "आजी, आता कोंबडी मेली तर काय करणार?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आधी तुमका फोन करतलंय. पण तुमी पयल्यांदा माझ्या शेजारणीक समजावा."

बंधू-भगिनींनो, आजींचे म्हणणे बरोबर आहे. ही समजूत एका घराची असून चालत नाही, वाडीची असावी लागते. तेव्हा पुढच्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, दिवाबत्ती झाल्यावर पाच मिनिटे कोंबड्यांसाठी काढा. कोणाकडे किती आहेत, लस कधी टोचायची, मेल्या तर फोन कोण करणार, एवढे ठरवा. थंडी येण्याआधी ठरवा.